सोडले, सुटले की सोडावे लागले?

२०१५ साली केंद्र सरकारने एक मोहीम काढली. ज्यांना परवडते त्यांनी स्वयंपाकाच्या गॅसवरचे अनुदान आपणहून नाकारावे, असे आवाहन होते आणि मोहिमेचे नाव होते ‘गिव्ह इट अप’. साधारण वर्षभरात एक कोटी ग्राहकांनी ते मनावर घेतले. आमच्या सोसायटीत जिन्यात भेटणारी माणसे एकमेकांना “तुम्ही गिव्ह इट अप केलंत का?” असे विचारू लागली. चांगल्या मराठी बोलणाऱ्या, एरवी इंग्रजी शब्दांवर नाक मुरडणाऱ्या बायकासुद्धा! मला नवल वाटले ते एवढ्याचेच, की ज्या भाषेत ‘सोडणे’ या एका क्रियापदावर अर्धा संसार चालतो, त्या भाषेतल्या माणसांना हा परका शब्द इतका सोयीचा का वाटावा?

सोय आहेच. शाळेत आम्हाला ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर असे वेगवेगळे शिकवले होते. दोन्ही एकत्र आले की ‘वर देणे’ न होता ‘सोडून देणे’ होते, हे पाठ करावे लागे. इंग्रजीच्या या शेपटीवाल्या क्रियापदांनी आमच्या पिढीचा फार छळ केला. पुढे शब्दकोश चाळायची सवय लागली तेव्हा कळले, की या एका जोडीच्या पोटात पुष्कळ काही आहे. व्यसन सोडणे, प्रयत्न थांबवणे, आशा टाकणे, हक्क सोडणे, बसमध्ये म्हाताऱ्याला जागा देणे, शत्रूला शरण जाणे, आणि लपवलेल्या माणसाला सरकारच्या हवाली करणे, एवढे सगळे त्यात बसते. या सगळ्यांत समान काय, तर ज्याच्या हातून वस्तू गेली तोच वाक्याचा कर्ता. त्याने हसत दिली की गळ्यावर सुरी असताना दिली, हे ते दोन शब्द सांगत नाहीत. इंग्रजीतही त्यासाठी दुसरे, अधिक नेमके शब्द आहेत; पण घाईच्या बोलण्यात आणि बातमीत हीच जोडी धावून येते.

मराठी या बाबतीत मोठी चौकस भाषा आहे. ‘दारू सोडली’ आणि ‘दारू सुटली’ यांत फरक आहे. पहिल्यात निश्चय आहे, दुसऱ्यात कधी डॉक्टरांचा धाक, कधी नुसते नशीब. ‘गाव सोडले’ म्हणणारा माणूस पुढे काय मिळवले ते सांगणार. ‘गाव सुटले’ म्हणणारा काय गमावले ते. ‘गाव सोडावे लागले’ म्हटले, की मागे कोणीतरी उभे होते हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. ‘सोडून दिले’ यात उदारपणा असतो किंवा कंटाळा. ‘सोडून टाकले’ यात तिटकारा. वाक्प्रचारांचे तर विचारूच नका. तुळशीपत्र ठेवतो तो राजीखुशीने देणारा. नांगी टाकतो तो डंख संपलेला, दाती तृण धरतो तो हरलेला, हात टेकतो तो थकलेला, आणि नाद सोडतो तो बहुधा शहाणा. कोशात हे सारे एका रांगेत समानार्थी म्हणून उभे असतात, पण एकाच्या जागी दुसरा घालून पाहा, माणूसच बदलतो. ‘पाणी सोडणे’ हा आणखी एक. २०१९ मध्ये तेलंगणाचा मेडिगड्डा बंधारा गोदावरीवर उभा राहिला आणि अलीकडच्या काठावर, आपल्या सिरोंचा तालुक्यात, शेतांमध्ये फुगवट्याचे पाणी शिरू लागले. तिथल्या शेतकऱ्याने ‘जमिनीवर पाणी सोडले’ असे म्हटले, तर तो वाक्प्रचार वापरतो आहे की पंचनामा सांगतो आहे?

सिरोंचाचे नाव आले ते उगाच नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत या इंग्रजी क्रियापदाचे झाडून सगळे अर्थ प्रत्यक्ष घडून गेले आहेत, आणि आज सूरजागडच्या डोंगरापाशी ते एकमेकांत असे मिसळले आहेत, की कोणता मराठी शब्द वापरायचा याला भाषेच्या तासापलीकडचे महत्त्व आले आहे. पण तिकडे जाण्याआधी माझ्या जुन्या टेबलावरून जावे लागेल.

मी बँकेत अधिकारी होते. बँक म्हणजे सोडण्याचे आणि सोडवण्याचेच दुकान. गहाण सोडवणे, तारण सोडवणे, सातबाऱ्यावरचा बोजा उतरवणे, जामीनदाराला मोकळे करणे. या सगळ्यांत माझ्या लक्षात राहिला तो एकच कागद: हक्कसोडपत्र. भावाला कर्ज हवे असले, की वडिलोपार्जित जमिनीवरचा बहिणींचा हक्क सोडल्याचे पत्र फायलीत लागे. मजकूर ठरलेला. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला.’ सही करायला आलेल्या बायका तो कधी वाचत नसत. भाऊ बाहेर मोटारसायकलपाशी उभा असे. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती केली (देशभर ती २००५ साली झाली) आणि त्यानंतर माझ्या टेबलावर ही पत्रे कमी न होता वाढली. कारण उघड होते. आता मुलींच्या हातात सोडण्यासारखे काहीतरी आले होते! वडील गेल्यावर मीही असे पत्र लिहून दिले. राजी होते का? होते. पण मला ते कोणी विचारले नव्हते. सही कुठे करायची तेवढे दाखवले होते.

‘राजीनामा’ हा शब्दही असाच मजेशीर. फारसीत त्याचा अर्थ ‘राजी असल्याचे पत्र’, म्हणजे संमतिपत्र. जुन्या मुंबई इलाख्यात शेतकरी जमीन सोडताना राजीनामा देई आणि नवा कसणारा कबुलायत लिहून देई. त्यातून हळूहळू संमती गळून पडली आणि सोडणे तेवढे उरले. आज मंत्र्याचा राजीनामा ‘घेतला’ जातो, आणि त्यात कोणाला विसंगती जाणवत नाही. २०००-०१ साली सरकारी बँकांतून सुमारे एक लाख लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, त्यांत मी होते. माझी स्वेच्छा खरी होती, मला कादंबरी लिहायची होती. पण निरोप समारंभाच्या त्या लांबलचक रांगेत सगळ्यांचीच स्वेच्छा अस्सल होती असे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तर सूरजागड. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर उत्तम प्रतीच्या लोहखनिजाचा. या मुलुखातल्या लोखंडाचे आकर्षण जुने आहे. १८८२ मध्ये जमशेटजी टाटांनी जुन्या चांदा जिल्ह्यातल्या लोहारा येथील खनिजाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल वाचला आणि पोलाद कारखान्याचे स्वप्न तिथून सुरू झाले. पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही, पुढच्या शोधातही जुळेना, आणि अखेर टाटा मंडळींनी चांद्याचा बेत सोडला. बेत सोडणे हा या क्रियापदाचा सर्वांत निरुपद्रवी अर्थ. त्यात कोणाचे काही जात नाही. जे होणार होते ते होत नाही इतकेच.

सूरजागडचा बेत मात्र कोणी सोडला नाही. २००७ साली लॉइड्स मेटल्स या कंपनीला ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. नक्षलवाद्यांनी विरोध केला तो त्यांच्या रीतीने: २०१३ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यासह तिघांचा खून झाला, २०१६ च्या डिसेंबरात सत्तरहून अधिक वाहने जाळली गेली. २०२१ पासून खाण जोरात सुरू झाली आणि २०२३ मध्ये वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत उत्खनन वाढवायला मंजुरी मिळाली. ज्या आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावरून मी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वसुलीसाठी जीपने हिंडत असे आणि तासभर समोरून एक वाहन येत नसे, त्या रस्त्याला आज ट्रकांची रांग आहे.

त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत भोवतालच्या गावांतले माडिया त्याच्या यात्रेला जमतात. सूरजागड पट्टीतली सत्तर गावे हा डोंगर आपला मानतात. मग त्यांनी तो सोडला का? सरकारी कागद याचे उत्तर मोठ्या खुबीने टाळतो. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली जंगल खाणीला देतात तेव्हा मराठीत म्हणतात, की वनजमीन वनेतर वापरासाठी ‘वळती’ केली. वळती! हा शब्द मी बँकेत हजारदा वापरला आहे. पगारातून हप्ता वळता केला, बचत खात्यातून थकबाकी वळती केली. वळती करताना खातेदाराने तिथे हजर असण्याची गरज नसते. त्याने एकदा कधीतरी सही दिलेली असली की पुरते. वाक्यात सोडणारा नाही आणि घेणाराही नाही, नुसती रक्कम चालत गेली.

सही दिली होती का, हाच तर सूरजागडचा वाद आहे. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला विचारायला सांगतात. विचारल्यावर काय होऊ शकते ते ओडिशात दिसले. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर नियमगिरीच्या बारा ग्रामसभांना बॉक्साइटच्या खाणीविषयी विचारले गेले, आणि बाराही नाही म्हणाल्या. सूरजागडच्या विस्ताराची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीला, जिल्ह्याच्या मुख्यालयात, खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. तिथे पोचू न शकलेल्या माणसाचे गप्प राहणे कोणत्या रकान्यात भरायचे? आपल्याकडे त्याला ‘हरकत नाही’ म्हणतात. मराठीत ‘हरकत नाही’ हा होकारही आहे आणि चहात साखर कमी पडल्यावर पाहुण्याने काढलेला उद्गारही. त्यावर ‘ना हरकत प्रमाणपत्र’ नावाची इमारत उभी करणे धाडसाचे आहे. २०२३ मध्ये त्याच परिसरातल्या नव्या खाणपट्ट्यांविरुद्ध तोडगट्ट्याला लोक आठ महिन्यांहून अधिक काळ ठिय्या देऊन बसले, ते नोव्हेंबरात पोलिसांच्या कारवाईने संपले. आंदोलन उठले म्हणावे की उठवले? एका ‘व’चा प्रश्न आहे.

मी लोखंडाच्या विरुद्ध नाही. माझे कपाट, माझा पंखा आणि ज्या गाडीने मी नागपूरला जाते ती गाडी कुठल्यातरी डोंगरातूनच आली आहे. खाणीत आणि कोनसरीच्या कारखान्यात त्या भागातल्या मुलांना पगार मिळतो; आमच्या काळात तिथे तेंदूपत्ता आणि मोहाखेरीज रोख पैसा दिसत नसे, हे मी विसरलेले नाही. पण ज्याला नोकरी मिळाली त्याने डोंगर सोडला असा त्याचा अर्थ काढता येत नाही. कर्ज घेतले म्हणून जमीन विकली असे आम्ही बँकेतसुद्धा मानत नव्हतो.

आता दुसरा अर्थ, शस्त्रे टाकण्याचा. २००५ पासून महाराष्ट्रात नक्षलवाद्यांसाठी शरणागतीची योजना आहे. तिचा मराठी शब्द ‘आत्मसमर्पण’. फार वजनदार शब्द आहे हा. समर्पण देवाला करतात, आणि आत्म्याचे समर्पण म्हणजे तर नवविधा भक्तीची शेवटची पायरी. (विम्याच्या पॉलिसीचेही ‘समर्पण मूल्य’ असते, ते सोडून देऊ.) १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हा माओवाद्यांचा बडा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर आला. त्याआधी महिनाभर ‘अभय’ या नावाने निघालेल्या पत्रकात भाषा वेगळी होती, शस्त्रे तात्पुरती बाजूला ठेवण्याची. आणि संघटनेतल्याच इतरांनी ती झिडकारली होती. म्हणजे एका बाजूला आत्मसमर्पण, दुसऱ्या बाजूला गद्दारी, मध्ये ‘बाजूला ठेवणे’, आणि घटना एकच.

माझ्या मते ‘शस्त्रे टाकली’ एवढे पुरे आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी दलममध्ये गेलेल्या, काही नेल्या गेलेल्या मुलीने बंदूक खाली ठेवली, तर तिच्याकडे आत्मा मागण्याचे कारण नाही; बंदूक आली, खून थांबले, काम झाले. ज्यांची माणसे ‘खबरी’ ठरवून रात्री घरातून ओढून नेऊन मारली, त्या गावकऱ्यांनाही आत्मसमर्पणाचा सोहळा नको असतो. कोणी मारले ते कोर्टात निघावे असे वाटते. मोठा शब्द त्या दोघांच्याही आड येतो. आणि समर्पण एकदा झाले की समर्पण करणाऱ्याला पुढे काही मागता येत नाही, देवाकडे हिशेब मागतात का? शस्त्र टाकणारा मात्र नागरिक होतो, आणि नागरिकाला मागता येते. अगदी खाणीविरुद्धच्या ग्रामसभेत हात वर करता येतो.

‘हवाली करणे’ हा अर्थही याच मातीतला. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो लढाईत सापडला नाही. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी त्याला पकडून इंग्रजांच्या ताब्यात दिले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. त्याचा साथीदार व्यंकटराव बस्तरला पळाला. बस्तरच्या राजाने पुढे १८६० मध्ये त्यालाही सोपवून दिले. इंग्रजी क्रियापद इथे हवालीच करते, मराठी बोलणारा माणूस ‘दगा’ म्हणतो. अहेरीच्या त्या बाईंपुढे दुसरा मार्ग काय होता, हा कादंबरीचा विषय आहे आणि मी तो अजून हातात घेतलेला नाही.

व्यसनाचे थोडक्यात सांगते. गडचिरोलीत बायकांनी आणि गावांनी वर्षानुवर्षे लढून १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी मिळवली, ती आजही आहे. मी तेव्हा तिथेच होते. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली. दारू सोडणे माणसाला अवघड जाते म्हणतात. महसूल सोडणे सरकारला त्याहून अवघड जात असावे.

राजीखुशीने सोडण्याचे खरेखुरे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे, म्हणून या सगळ्याने मी निराश होत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये देशात प्रथमच सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच गावाने २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या खासगी जमिनींची मालकी गावाकडे सोपवायचे ठरवले. मेंढ्याची रीत एकमताची. बहुमताने निर्णय घेत नाहीत, शेवटचा माणूस पटेपर्यंत बोलत बसतात. जमीन कसणारा तोच राहतो, त्याच्यामागे वारस कसतो, बाहेरच्याला विकता तेवढी येत नाही. याला ‘सोडले’ म्हणावे की ‘राखले’? विनोबांनी ‘दान’ म्हटले होते आणि मला तोच शब्द अजून बरा वाटतो. सूरजागडच्या बाबतीत हा वेळ कोणाकडे नव्हता.

आणखी एक सोडणे आहे ज्याला कर्ताच नाही. आश्रमशाळेत जाणाऱ्या पोराची माडिया भाषा सुटते. त्याने ती सोडलेली नसते, मास्तरांनीही काढून घेतलेली नसते. मराठी पुस्तक, हिंदी सिनेमा आणि ट्रकवरची नोकरी यांच्या मध्ये कुठेतरी ती निसटते. या अर्थाला इंग्रजीतल्या त्या जोडीत जागाच नाही.

त्या भाषेवरून आमच्या शाखेतली एक पद्धत आठवते. अंगठा उठवणाऱ्या खातेदाराच्या कागदाखाली एक ओळ लिहावी लागे: ‘वरील मजकूर यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवला व तो त्यांनी मान्य केला.’ आमचा शिपाई माडिया जाणणारा होता. तीन ओळींचा जामीनपत्राचा मजकूर समजावायला त्याला अर्धा तास लागे. समोरचा माणूस मध्येच प्रश्न विचारी, शिपाई मला विचारी, मी उत्तर देई, आणि दहापैकी दोघे तरी अंगठा न उठवता उठून जात. मग त्या ओळीखाली शिपायाची सही, नाव, तारीख. एक गाय घेण्यासाठी दिलेल्या कर्जाला आम्ही एवढे करत होतो. ३४८.०९ हेक्टरच्या कागदाखाली, आणि आत्मसमर्पणाच्या अर्जाखालीही, ती ओळ असायला काय हरकत आहे? दुभाष्याच्या नावासकट.